दोन सह्या, दोन कायदे

मासिकासाठी लेख द्या अशी नोटीस लागली आणि मी मराठी विभागाच्या संपादकाला जाऊन विषय सांगितला, 'सिव्हिल लॉ आणि कॉमन लॉ'. तो म्हणाला, "तू मेकॅनिकलचा ना बे? सिव्हिलचा विषय काहून घेतला?" त्याला समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. तेव्हा सुरुवातीलाच स्पष्ट करतो, की या लेखात सिमेंट, वाळू, गिट्टी काही नाही. (थोडं सिमेंट आहे, पण ते पुढे.)

इंजिनिअरिंगच्या पोराने कायद्यावर काय लिहायचं, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. माझ्याही आला होता. पण आमच्या घरात दोन सह्या झाल्या, एक पुसदला आणि एक गोव्यात, आणि त्या दोन सह्यांनी माझं डोकं असं काही पकडलं की सबमिशन सोडून मी लायब्ररीत कायद्याची पुस्तकं शोधत बसलो. आपल्या लायब्ररीत ती नाहीत हे सांगायला नकोच.

आधी गोव्याची सही. माझी मोठी बहीण वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत नोकरीला लागली आणि २०२१ मध्ये तिचं म्हापशाच्या मुलाशी लग्न झालं. लग्नाआधी दोघांना रजिस्ट्रारच्या ऑफिसात दोनदा जावं लागलं. तिकडे नोंदणी म्हणजेच लग्न, नुसत्या सात फेऱ्यांनी कायद्यात लग्न होत नाही, एवढंच तेव्हा आम्हाला कळलं होतं. मागच्या दिवाळीत मी आणि बाबा ताईकडे गेलो. भाऊजींचा एक प्लॉट विकायचा व्यवहार चालू होता. प्लॉट भाऊजींनी लग्नाच्या चार वर्षं आधी स्वतःच्या पगारातून घेतलेला, कागदावर एकट्या भाऊजींचं नाव. तरी घेणाऱ्याचा वकील म्हणाला, बायकोची सही पाहिजे, नाहीतर विक्रीखत होणार नाही. ताईने कुकरची शिट्टी बंद केली, हात पुसले आणि सही केली.

बाबांना काही पटलं नाही. "जवाईबापू, प्लॉट तुमचा, पैसा तुमचा. बाईची सही कायले पाहिजे?"

भाऊजी अगदी साधेपणाने म्हणाले, "बाबा, आमच्याकडे असंच आहे. लग्न झालं की जे माझं ते अर्धं हिचं, हिचं ते अर्धं माझं. मी वेगळं काही केलेलं नाही."

बाबा गप्प बसले. मीही गप्प बसलो, पण मला आत्याची सही आठवली.

ती सही २०१७ ची. मी तेव्हा सातवीत होतो. आजोबा २००३ मध्ये वारले, त्यांच्या पाठोपाठ काही वर्षांनी आजी गेली आणि मग बाबा आणि काका यांनी वावराची वाटणी करायचं ठरवलं. वावर नऊ एकर, आजोबांना त्यांच्या वडिलांकडून आलेलं. सातबाऱ्यावर वारस म्हणून आत्याचंही नाव लागलेलं होतं. राखीला आत्या आली, दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन हक्कसोड पत्रावर सही केली, संध्याकाळच्या गाडीने परत गेली. जाताना बाबांना म्हणाली, "पोराच्या शिक्शनाले कामी येईन दादा." त्या पोराच्या, म्हणजे माझ्या, शिक्षणाला ते खरंच कामी आलं. आपल्या कॉलेजची माझी फी त्या वावरातल्या कापूस-सोयाबीनमधून जाते.

एकाच घरातल्या दोन बायका. एकीच्या सहीशिवाय नवऱ्याचा प्लॉट विकता येत नाही. दुसरीची सही फक्त सोडून देण्यासाठी लागते. असं का, हे शोधायला निघालो आणि पोचलो थेट रोमन बादशहापर्यंत!

जगात कायद्याची दोन मोठी घराणी आहेत. एक रोमचं. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने सगळा कायदा गोळा करून लिहवून घेतला, तिथून ती परंपरा युरोपभर पसरली आणि १८०४ साली नेपोलियनने फ्रान्ससाठी जी नागरी संहिता काढली ती तिचा नमुना ठरली. पुढे पोर्तुगाल, जर्मनी, जपान अशा कितीतरी देशांनी आपापल्या संहिता केल्या. याला म्हणतात सिव्हिल लॉ. दुसरं घराणं इंग्लंडचं. तिथे बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीच्या काळापासून राजाचे न्यायाधीश गावोगाव फिरून निकाल द्यायचे. एका गावचा निकाल दुसऱ्या गावी दाखला म्हणून वापरायचे आणि त्या निकालांच्या थरातून कायदा तयार झाला. तो कॉमन लॉ. इंग्रज जिथे गेले तिथे तो गेला, म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आपण एका पंगतीत.

आपल्या भाषेत सांगायचं तर असं. सिव्हिलवाले स्लॅबचं डिझाइन करताना आयएस ४५६ उघडतात. पुस्तकात कलम आहे, कलमात नियम आहे, नियमाप्रमाणे सळई टाकायची. हा झाला सिव्हिल लॉ. आणि आपल्या गावचा जुना गवंडी काय करतो? "मागच्या वर्षी पाटलाच्या घराले असंच केलं होतं, टिकलं ना?" म्हणतो आणि तसंच करतो. हा कॉमन लॉ. आता गवंड्याला हसू नका. पुस्तकात नसलेली अडचण साईटवर आली की तोच कामी येतो. आणि पुस्तक लिहिणाऱ्यांनीही शेवटी असल्याच शेकडो साईटवरचा अनुभव जमा करून ते लिहिलेलं असतं.

अर्थात हे दोन्ही शुद्ध स्वरूपात कुठेच सापडत नाहीत. आपला देश कॉमन लॉचा म्हणायचा, पण आपल्याकडे संहितांचा काय तुटवडा आहे? मेकॉलेने १८३७ सालीच दंडसंहितेचा मसुदा तयार केला होता, ती १८६० मध्ये कायदा झाली आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. करारांचा कायदा १८७२ चा, तो अजून चालू आहे. फरक असा, की आपल्याकडे कलम वाचून काम संपत नाही. त्या कलमाचा अर्थ सुप्रीम कोर्टाने काय लावला ते बघावं लागतं, कारण राज्यघटनेच्या कलम १४१ प्रमाणे तो अर्थ सगळ्या कोर्टांना बंधनकारक असतो. पुसदमधल्या कुठल्याही वकिलाच्या ऑफिसात जा, भिंतभर निकालांचे जाड जाड खंड दिसतील. ती शोभेची वस्तू नाही, तोच कायदा आहे.

आणि गोवा? गोवा म्हणजे या दोन घराण्यांची सोयरीक. पोर्तुगालने १८६७ मध्ये आपली नागरी संहिता केली आणि १ जुलै १८७० पासून ती गोव्याला लागू झाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज गेले, पण कायदा राहिला, कारण १९६२ मध्ये आपल्या संसदेने कायदा करून सांगितलं, की जे कायदे तिथे चालू आहेत ते बदलेपर्यंत चालू राहतील. लग्न, कुटुंब आणि वारसा यांचा कायदा बराचसा तसाच राहिला. गंमत म्हणजे या संहितेचं सरकारी इंग्रजी भाषांतर राजपत्रात आलं २०१८ मध्ये! म्हणजे सत्तावन्न वर्षं लोक पोर्तुगीज न येता पोर्तुगीज कायद्याने लग्नं करत होते.

अजून एक गंमत. आपला यवतमाळ जिल्हा मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाखाली येतो. गोव्यातही १९८२ पासून त्याच हायकोर्टाचं खंडपीठ आहे. न्यायाधीशांच्या नेमणुका इकडून तिकडे होत असतात. म्हणजे एकच न्यायमूर्ती नागपूरला बसले की एका कायद्याने वाटणी करणार आणि गोव्यात बसले की दुसऱ्या.

त्या दुसऱ्या कायद्यात काय आहे ते थोडं सविस्तर सांगतो, कारण मला तरी ते ऐकून धक्का बसला होता.

पहिलं म्हणजे भाऊजींचा प्लॉट. लग्नाआधी नवरा-बायकोने वेगळा करार केला नाही, तर दोघांची सगळी मालमत्ता समाईक होते. आधीची, नंतरची, कमावलेली, वारशाने आलेली, सगळी. प्रत्येकाचा अर्धा वाटा. घर-जमीन विकायची तर दोघांच्या सह्या. नवरा मेल्यावर बायको आधी आपला अर्धा वाटा बाजूला काढते, तो वारसा नसतोच, तो तिचाच असतो. उरलेल्या अर्ध्यासाठी वारसांची यादी सुरू होते.

दुसरं म्हणजे मृत्युपत्र. आपल्याकडे माणूस स्वतः कमावलेली सगळी इस्टेट मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो. एका मुलाला सगळं, मुलींना शून्य, असं लिहिलं तरी चालतं. गोव्यात मुलं असतील तर आपल्या वाट्याच्या फक्त अर्ध्या भागाचं मृत्युपत्र करता येतं. दुसरा अर्धा मुलामुलींसाठी राखून ठेवलेला असतो, बाप रागावला म्हणून तो जात नाही. (बापाला ठराविक कारणांसाठी मुलाला वारसातून काढता येतं, पण ती कारणं कायद्यात लिहिलेली आहेत, 'त्याने माझं ऐकलं नाही' एवढ्यावर भागत नाही.) माणसाला आपल्या मालमत्तेचं मरणानंतरही हवं ते करू द्यायचं, हा विचार इंग्रजांचा. आपल्या जुन्या हिंदू शास्त्रात मृत्युपत्र नव्हतं, ते इंग्रजी अमलात रुजलं. गोव्याला संहिता लागू झाली त्याच १८७० साली इंग्रजांनी बंगाल प्रांतासाठी आणि मुंबई-मद्रास शहरांसाठी हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा केला. एकच साल, एकीकडे बापाच्या लेखणीला मोकळं रान, दुसरीकडे लगाम.

तिसरं म्हणजे वाटणीची पद्धत. गोव्यात माणूस वारला की 'इन्व्हेंटरी'ची कारवाई होते. कुटुंबातला एक जण प्रमुख नेमतात, तो सगळ्या मालमत्तेची यादी देतो, किंमत ठरते आणि वारस आपसात बोली लावू शकतात. घर ज्याला हवं त्याने जास्त बोली लावायची आणि बाकीच्यांच्या वाट्याचे पैसे द्यायचे. २०१२ चा गोव्याचा नवा वारसा कायदा २०१६ मध्ये लागू झाला, त्यातही हे ठेवलं आहे. आपल्याकडे शेतजमिनीच्या वाटणीचा दावा लावला तर कोर्ट आधी कुणाचा किती हिस्सा ते ठरवतं, मग प्रत्यक्ष वाटप करायला कागद कलेक्टरकडे जातो, तिथून तहसीलला, मग मोजणी. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको.

आता पुन्हा आत्याकडे येतो. आत्याचा हक्क नेमका किती, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. यात आमचा अडाणीपणा होताच, पण पूर्ण दोष आमचा नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलार्जित जमिनीत मुलांसारखा जन्मतः हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. आत्याचं लग्न १९९१ चं. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राने हिंदू वारसा कायदा दुरुस्त केला, लग्न झालं असो-नसो, मुलीला मुलाइतकाच हक्क. पण ज्यांचे वडील त्या तारखेच्या आधीच वारले त्यांचं काय? कायद्याच्या कलमात याचं सरळ उत्तर नव्हतं. उत्तर न्यायाधीशांनी द्यायचं होतं.

२०१५ मध्ये फुलवतीच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, त्या दिवशी वडील हयात पाहिजेत. आमचे वकीलसाहेब २०१६ मध्ये बाबांना तेच म्हणाले, "बहिणीचा तुमच्या बरोबरीचा हिस्सा बसत नाही, आजोबांच्या वाट्यातला लहान तुकडा बसतो." २०१८ मध्ये दानम्माच्या खटल्यात त्याच कोर्टाने २००१ साली वारलेल्या माणसाच्या मुलींना बरोबरीचा हिस्सा दिला. दोन निकाल, दोन तोंडं. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी मिटवलं. हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा जिवंत असण्याची गरज नाही.

पंधरा वर्षं! २००५ ते २०२०. आत्याची सही मध्येच, २०१७ मध्ये, होऊन गेली.

प्रामाणिकपणे सांगतो, २०२० चा निकाल आधी आला असता तरी आत्याने सही केलीच असती. माहेर तुटेल या भीतीपुढे सुप्रीम कोर्टाचं काय चालतं? पण निदान ती काय सोडते आहे ते तिला माहीत असतं. 'लहान तुकडा' सोडते असं समजून तिने तीन एकर सोडले. आणि आम्हीही लहान तुकडा घेतला असं समजून तीन एकर घेतले.

कॉमन लॉबद्दलची माझी पहिली तक्रार इथे आहे. न्यायाधीशाने केलेला कायदा जो कोर्टात जातो त्याच्यासाठी तयार होतो. कुणीतरी भांडल्याशिवाय प्रश्नाचं उत्तरच मिळत नाही. फुलवती, दानम्मा आणि विनीता शर्मा भांडल्या म्हणून उत्तर मिळालं, पण तोपर्यंत न भांडणाऱ्या किती जणींनी सह्या करून टाकल्या असतील? आपल्या तालुक्यातल्या किती बाया कधी कोर्टाची पायरी चढतात? संहिता मात्र कोर्टात न जाणाऱ्या माणसालाही लागू होते. माझी ताई कुठे भांडायला गेली होती? तिने नुसतं लग्न केलं. पुढचं १८६७ सालीच लिहून ठेवलेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हा गोव्याला फिरून आला आणि पोर्तुगीज झाला! थांबा. लिहून ठेवलेल्या कायद्याचाही त्रास कमी नाही.

गोव्याच्या संहितेत मालमत्ता दोघांची, पण कारभार मुख्यतः नवऱ्याचा. अर्धी मालकीण असून बायकोने विचारून खर्च करायचा. १८८० च्या एका हुकमाने तर तिथल्या हिंदू पुरुषाला, ठराविक वयापर्यंत बायकोला मूल किंवा मुलगा झाला नाही तर, दुसरं लग्न करायची मुभा कागदावर ठेवली. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये ती जुनी संहिता बाजूला ठेवून नवी आणली आणि पुढे त्यातही स्त्री-पुरुष समानतेसाठी बदल केले. पण त्याच्या आधीच, १९६१ मध्ये, गोवा त्यांच्याकडून सुटला होता, त्यामुळे बापाने घर बदललं तरी पोरगं जुन्याच घरात राहिलं. पुस्तक सुधारायला कुणीतरी बसावं लागतं. कुणी बसलं नाही तर आयएस कोडची जुनी आवृत्ती घेऊन नवा पूल बांधल्यासारखं होतं.

तिथे न्यायाधीशाच्या कायद्याचा मोठेपणा कळतो. आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर मुलींच्या छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीची यादी लावलेली आहे, ती तुम्ही पाहिली असेल (मुलांनी पाहिली नसेल तर आता जाऊन पाहा). तिचं मूळ कशात आहे? १९९७ चा विशाखा निकाल. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल वेगळा कायदाच नव्हता. सुप्रीम कोर्टाने कायद्याची वाट न बघता नियम घालून दिले आणि संसदेने कायदा होईपर्यंत हेच चालवा म्हणून सांगितलं. संसदेचा कायदा आला २०१३ मध्ये. सोळा वर्षं देशातल्या कामाला जाणाऱ्या बाया एका निकालाच्या आधारावर होत्या. 'पुस्तकात कलम नाही' म्हणून कोर्टाने हात वर केले असते तर?

म्हणून 'कोणता कायदा चांगला' असा व्हायवासारखा प्रश्न विचारू नये असं मला वाटतं. कुठल्या कामाला कोणता, असं विचारावं. नवीन अडचण असेल, जिची कल्पनाच पुस्तक लिहिणाऱ्याला नव्हती, तिथे मला न्यायाधीश हवा. पण लग्न, मरण आणि वाटणी यात नवीन काय आहे? प्रत्येक गावात, प्रत्येक घरात, दरवर्षी होणाऱ्या या गोष्टी. त्यांचं उत्तर आधीच, साध्या भाषेत लिहून ठेवलेलं पाहिजे, आणि ते उत्तर असं पाहिजे की माणसाने काहीही न करता ते लागू व्हावं.

'काहीही न करता' यावर मी जोर देतो, त्याला कारण आपल्याच भागात आहे. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्याने आपल्या हाताने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. अनेक गावांत शेतकऱ्यांनी तो केला. पुढे सरकारनेही त्याच नावाने सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहमालक म्हणून लावायची सोय केली. किती चांगली गोष्ट! पण नवऱ्याने अर्ज केला तर. आपल्या गावात घरोघरी सातबारा बघा आणि मला सांगा, किती घरांत अर्ज झाला? आमच्या घरात नाही झाला. बाबा काही वाईट माणूस नाही, त्यांना ते सुचलंच नाही. गोव्यातल्या नवऱ्यालाही ते सुचलं नसतं, पण तिथे सुचायची गरज पडत नाही.

आपला जिल्हा कशासाठी पेपरात येतो ते तुम्हाला माहीत आहे. शेतकरी जातो आणि मागे राहिलेली बाई, जी त्याच वावरात वीस वर्षं निंदण-खुरपण करत होती, ती तलाठ्यापासून सुरुवात करते. कायद्याने ती नवऱ्याची वारस आहे, पण वारस म्हणजे इतर वारसांच्या रांगेतली एक. आणि जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर तिथे गोव्याचा कायदाही फार पुरा पडणार नाही, हे कबूल केलं पाहिजे. पण जिथे जमीन नवऱ्याची होती तिथे अर्धी आधीपासून तिची असती.

गोव्याचं नाव काढलं की लोक लगेच समान नागरी कायद्याच्या भांडणात शिरतात. घटनेच्या कलम ४४ पासून उत्तराखंडपर्यंत त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, हॉस्टेलच्या मेसमध्येही आहेत. मला त्यात पडायचं नाही. गोव्याचा कायदा सगळ्या धर्मांना एक आहे का, हे ते मोजतात. मी मोजतो आहे तो बायकोचा अर्धा वाटा आणि लेकरांचा राखीव वाटा. या दोन गोष्टी तेवढ्या आपल्याकडे आल्या तरी मला पुष्कळ आहे.

दिवाळीहून परत येताना बसमध्ये हे सगळं मी बाबांना सांगितलं. नांदेड सोडल्यावर त्यांनी विचारलं, "मंग आपल्या वावरात बाईचा हिस्सा पडला, तर त्यातला अर्धा जवाईबापूचा?"

मला उत्तर माहीत होतं आणि ते द्यायचं नव्हतं. तिथल्या समाईक मालमत्तेत वारशाने आलेलंही धरतात. १३ सप्टेंबर २०१९ ला कुतिन्यु विरुद्ध परेरा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे, की गोव्याच्या रहिवाशाच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागतो, मालमत्ता भारतात कुठेही असो. तो खटला मुंबईतल्या मालमत्तेचा होता, पण पुसद काय आणि मुंबई काय. म्हणजे उद्या ताईला हिस्सा मिळाला, की त्या वावराच्या कागदावर म्हापशाच्या भाऊजींचा विचार करावा लागणार.

"हो," मी म्हणालो.

"अन् तू म्हनतं हा कायदा चांगला!"

या एका जागी मी बाबांच्या बाजूने आहे. पोर्तुगालच्या नव्या संहितेने १९६७ पासून तिथेही हेच बदललं. लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर लग्नानंतर दोघांनी मिळवलेलं तेवढं समाईक, वारशाने आलेलं ज्याचं त्याचं. आपल्याकडे आणायचं तर मी हे रूप आणीन. बाबांना ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग म्हणाले, "तुही आई तर लगन झाल्यापासून वावरात आहे. तिचं मिळवलेलं कोन्तं अन् माहं कोन्तं, हे कसं काढतं?" काढायचं नाहीच बाबा, म्हणूनच अर्धं, मी म्हणालो. ते खिडकीबाहेर बघत बसले. पुसद आल्यावर उतरता उतरता म्हणाले, तलाठ्याकडे जाशीन तवा त्या लक्ष्मीमुक्तीचं इचारून ये.

मी विचारून आलो. अर्ज भरलेला आहे, बाबांची सही बाकी आहे.

आत्यालाही फोन केला. तीन एकराचं सगळं सांगितलं, २०२० चा निकाल सांगितला, माझी चूक नसताना मला वाईट वाटतं हेही सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काहून उकरून काढतं रे बाप्पा? तुही फी भरली का नाही?"

भरली, आत्या.